पिकअप हवा की एव्हरेज? दोन्ही द्या!

आपल्याकडे नवी गाडी दारात उभी राहिली, की पेढ्याचा बॉक्स फिरायच्या आत कुणीतरी विचारतंच, ‘एव्हरेज काय देते?’ शेजारचे काका विचारतात, सोसायटीचा वॉचमन विचारतो, होणारे सासरे तर नक्कीच विचारतात. ‘पिकअप कसा आहे?’ हा प्रश्न नंतरचा. तोही कॉलेजातल्या चुलतभावाचा.

आता जरा डेट्रॉइटला चला. साल 1964. तिथे पहिला प्रश्न पिकअपचा होता. दुसराही पिकअपचाच. एव्हरेजचा प्रश्न कुणाच्या डोक्यातच नव्हता, कारण 1970 सालीसुद्धा अमेरिकेत पेट्रोल गॅलनला 36 सेंटच्या आसपास मिळायचं. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर. म्हणजे लिटरला दहा सेंटसुद्धा नाहीत!

या स्वस्त पेट्रोलच्या जोरावर जन्माला आली ‘मसल कार’. ‘द फास्ट अँड द फ्युरियस’मध्ये (2001) डॉमच्या गॅरेजमधली ती काळी 1970 ची डॉज चार्जर आठवते ना? तीच जमात. रेसिपी अगदी सोपी: मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं अवाढव्य व्ही-8 इंजिन कोंबायचं. पॉन्टिॲकने 1964 मध्ये हेच केलं. मध्यम गाड्यांत 330 क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा घरचा नियम होता. जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या मंडळींनी पळवाट काढली. नवीन मॉडेल म्हणून नाही, तर टेम्पेस्ट ल मॉन्स या गाडीवरचं ‘ऑप्शन पॅकेज’ म्हणून 389 क्युबिक इंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं इंजिन विकायला काढलं. नाव जीटीओ. साधं 325 हॉर्सपॉवर, तीन कार्ब्युरेटरवालं 348. नियमही पाळला आणि गाडीही पळाली. आपल्याकडच्या कुठल्याही बिल्डरला अभिमान वाटावा अशी आयडिया!

मग बिल आलं

ही पार्टी फार वर्षं चालली नाही. 1970 मध्ये हवा प्रदूषणाचा कडक कायदा आला. 1971 मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. 1972 पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धतच बदलली. आधी इंजिन टेबलावर नुसतं ठेवून मोजायचे, आता सायलेन्सर, पंखा, अल्टरनेटर सगळं जोडून मोजायला लागले. मग ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल बंद केलं, 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आली आणि 1975 मध्ये गाड्यांच्या एव्हरेजचा कायदा झाला.

एकाच इंजिनाचे आकडे बघा. शेवरोलेचं 350 क्युबिक इंच, म्हणजे 5.7 लिटर. आपल्या मारुती 800 ची सात इंजिनं एकत्र केली तरी त्याच्यापेक्षा थोडी कमीच भरतील. 1970 च्या साध्या कॉर्व्हेटमध्ये ते 300 हॉर्सपॉवरचं होतं, 1971 मध्ये 270, 1972 मध्ये 200 आणि 1975 मध्ये 165. यातली 270 वरून 200 ही घसरण बरीचशी मोजण्याच्या पट्टीची आहे. पण बाकीची खरीखुरी.

म्हणून मसल कार म्हटलं की लोकांच्या डोक्यात दोनच चित्रं येतात. एक, 1970 ची पेट्रोलपिशाच्च, लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी. दोन, 1975 ची दमलेली, जिच्यात ना पिकअप ना एव्हरेज. आज जुनी गाडी विकत घेऊन तिचं इंजिन नव्याने बांधणाऱ्याला या दोघींमधली तिसरी गाडी हवी असते. आणि ती बांधता येते, हाच आजचा विषय.

गाडीला लागतं किती?

आधी एक गंमत. सपाट हायवेवर ताशी 65 मैलांनी, म्हणजे 105 किलोमीटरने, आरामात चालणाऱ्या अशा गाडीला साधारण 25-30 हॉर्सपॉवर पुरतात. बाकीचे 300 घोडे तबेल्यात उभे राहून नुसता चारा खात असतात.

चारा कसा? पेट्रोल इंजिनचा वेग आपण हवा अडवून कमी करतो. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असतो तेव्हा हवेची झडप जवळपास बंद असते आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढत असतात. चिमटलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढून बघा, गाल दुखतील. मोठ्या इंजिनचे आठही गाल सतत दुखत असतात. त्यात ते मिनिटाला 3,500 फेरे मारत असेल तर स्वतःच्याच घर्षणात आणखी ताकद जाते. म्हणजे एव्हरेज फक्त इंजिन मोठं आहे म्हणून मार खात नाही. मोठं इंजिन विनाकारण जोरात फिरतंय, म्हणून जास्त मार खातं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दोघांचे मित्र

इंजिन बांधताना काही गोष्टी अशा असतात, की त्या पिकअपही वाढवतात आणि एव्हरेजही. पैसे आधी इथे टाकायचे.

पहिली गोष्ट कॉम्प्रेशन. पिस्टन हवा-पेट्रोलचं मिश्रण जितकं जास्त दाबेल, तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. 8.5 वरून 10 वर गेलात तर कागदावर चार-पाच टक्क्यांचा फायदा, ताकदीतही आणि एव्हरेजमध्येही. पण जास्त दाबलं तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आतच उरलेल्या मिश्रणाचा आपोआप स्फोट होतो. आपल्या भाषेत, इंजिन नॉकिंग करतं, आणि पिस्टनला भोकं पडतात. साध्या पंपावरच्या चांगल्या पेट्रोलवर जुन्या बिडाच्या हेडला साधारण 9 ते 9.5 आणि ॲल्युमिनियमच्या हेडला 10 ते 10.5 एवढंच झेपतं, कारण ॲल्युमिनियम उष्णता लवकर ओढून घेतं. (तिथल्या पंपावर 87, 91, 93 असे आकडे दिसतात. ते आपल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात. तिथलं 87 म्हणजे आपलं साधारण 91.)

दुसरी गोष्ट हेड. 1960 च्या दशकातल्या हेडपेक्षा शेवरोलेचं 1996 च्या ट्रकमधलं व्होर्टेक हेड कितीतरी चांगला श्वास घेतं आणि मिश्रण लवकर जाळतं. पिस्टन वर आल्यावर त्याचा सपाट भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यात साधारण एक मिलिमीटर अंतर ठेवलं, की तिथलं मिश्रण जोरात ठिणगीकडे फेकलं जातं, नीट ढवळलं जातं आणि नॉकिंग कमी होतं. एक मिलिमीटर! इथे स्वस्तातला जाड गॅस्केट घालणारा मेकॅनिक तुमचं पेट्रोल आयुष्यभर जाळतो. जुनीच हेड वापरायची असतील तर व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या करून घ्या. जुन्या सीटना शिशाच्या पेट्रोलची सवय होती, आणि अमेरिकेत 1996 पासून रस्त्यावरच्या गाड्यांना शिसं बंद झालं.

तिसरी आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट, ठिणगीचं टायमिंग. हलक्या पायाने चालताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, विरळ मिश्रण हळू जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. शेवरोलेच्या या इंजिनाला पूर्ण दाबल्यावर 34-36 अंश पुरतात, पण आरामात चालताना 45-50 अंश लागतात. हा फरक डिस्ट्रिब्युटरवरची एक छोटी डबी सांभाळते. तिचं नाव व्हॅक्युम ॲडव्हान्स. रेसवाले ती काढून टाकतात, कारण रेसमध्ये पाय कायम खाली दाबलेला असतो. त्यांचं बघून हौशी लोकही काढतात. आणि मग ‘एव्हरेज देत नाही, गरमही होते’ म्हणून रडतात. अहो, डबी जोडा!

भांडण लावणारे

आता खरी मारामारी. तीन गोष्टी अशा आहेत, की एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं.

कॅमशाफ्ट. व्हॉल्व्ह किती वेळ उघडे राहणार ते हा ठरवतो. जास्त वेळ उघडे ठेवले तर 6,000 आरपीएमला इंजिन गर्जना करतं, पण सिग्नलला उभं असताना आत येणारं आणि बाहेर जाणारं एकमेकांत मिसळतं. मसल कारचा तो प्रसिद्ध ‘धड-धडक-धड’ आवाज ऐकलाय ना? अंगावर काटा येतो, मान्य. पण तो आवाज म्हणजे कमी आरपीएमवर इंजिन नीट श्वास घेत नसल्याची खूण आहे. शिवाय व्हॅक्युम कमी पडल्यामुळे पॉवर ब्रेकही रुसतात. साध्या 350 इंजिनला रोजच्या रस्त्यावर 210 ते 220 अंशांचा कॅम (0.050 इंच लिफ्टवर मोजलेला) भरपूर झाला. 240 चा घातलात तर यूट्यूबवर लाइक्स मिळतील, पंपावर शिव्या.

कार्ब्युरेटर. इथे ‘मोठं ते चांगलं’ हा समज सगळ्यात महागात पडतो. साधा हिशोब करा: 350 क्युबिक इंच गुणिले 6,000 आरपीएम भागिले 3,456. उत्तर साधारण 607. म्हणजे इंजिन पूर्ण फुगलं तरी मिनिटाला 607 घनफूट हवा घेणार. प्रत्यक्षात साधारण 85 टक्केच भरतं, म्हणजे 515 च्या आसपास. तरी लोक 850 चा कार्ब्युरेटर बसवतात! मग हवेचा वेग कमी, पेट्रोलचे थेंब मोठे, ते जळत नाहीत, प्लग काळे. 600-650 चा पुरे. किंवा जुनाच क्वाड्राजेट शोधा. त्याची पुढची दोन तोंडं लहान आणि मागची दोन मोठी असतात. रोज ऑफिसला जाताना लहान तोंडाने प्यायचं, मोकळा रस्ता मिळाला की मोठ्या तोंडाने. याहून शहाणी तडजोड मसल कारच्या जगात कमी सापडेल.

गिअर. आणि इथे, मंडळी, सगळ्या गोष्टीचा जीव आहे. जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तीनच गिअर, शेवटचा एकास एक. हायवेवर इंजिनला श्वास घ्यायला चौथा गिअरच नाही. त्यात पिकअपसाठी मागचा डिफरन्शियल ‘छोटा’ लावायचा, म्हणजे इंजिन हायवेवर कायम ओरडत राहणार.

नाशिकचे बाबा आणि 1970 ची शेव्हेल

माझा एक कॉलेजचा मित्र मिशिगनमध्ये नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने 1970 ची शेवरोले शेव्हेल घेतली, तेच 350 इंजिन, पण पार थकलेलं. इंजिन उघडल्यावर दोन कोटेशन आली. पहिलं: मोठा कॅम, 850 चा कार्ब्युरेटर, 4.10 चा डिफरन्शियल, 450 हॉर्सपॉवर. दुसरं: 340 च्या आसपास, व्होर्टेक हेड, 215 चा रोलर कॅम, क्वाड्राजेट, 3.42 चा डिफरन्शियल आणि चार गिअरचा ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स. पैसे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. आणि पैसे एकदाच आहेत, कारण घराचे हप्ते सुरू आहेत.

त्याचे वडील नाशिकचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. उन्हाळ्यात पहिल्यांदा अमेरिकेला येणार आहेत. याचं स्वप्न असं, की बाबांना शेजारच्या सीटवर बसवून डेट्रॉइटहून शिकागोला न्यायचं. बाबांना त्याने व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली. बाबांनी चष्मा सारखा केला, इंजिन नीट बघितलं आणि विचारलं, ‘छान आहे रे. एव्हरेज काय देते?’

‘अगं, मला हसायलाच आलं,’ तो मला म्हणाला. ‘मग मी हिशोब केला आणि हसू थांबलं.’

हिशोब असा. त्याच्या गाडीची टाकी 20 गॅलनची. पहिल्या इंजिनाला गॅलनला 10 मैल धरले तर टाकी 200 मैलांत रिकामी. डेट्रॉइट ते शिकागो आहे 280 मैल. दुसऱ्याला हायवेवर 18 मैल धरले तर 360. एकात गाडी अध्येमध्ये पंप शोधत जाणार, ब्रेक आणि आरपीएमची काळजी करत. दुसऱ्यात गप्पा मारत.

‘पण पिकअप जाईल ना?’ हा त्याचा खरा सल होता. मसल कार घ्यायची आणि सिग्नलला साध्या सेडानने मागे टाकायचं, यापेक्षा मोठा अपमान काय!

मग गिअरचा गुणाकार केला. जुन्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.52, डिफरन्शियल 4.10. गुणाकार 10.3. नव्या ओव्हरड्राइव्ह बॉक्सचा (जनरल मोटर्सचा 700आर4, 1982 पासूनचा) पहिला गिअर 3.06, डिफरन्शियल 3.42. गुणाकार 10.5! म्हणजे सिग्नलवरून सुटताना चाकाला मिळणारा जोर तसूभर जास्तच. आणि ताशी 65 मैलांना, 26 इंची टायरवर? जुन्या जोडीत इंजिन फिरतं 3,440 आरपीएमला. नव्या जोडीत शेवटचा गिअर 0.70, म्हणून 2,010 ला. दर मैलाला 40 टक्के फेरे कमी. इंजिनच्या आतलं काहीही न बदलता!

वरचे शंभर घोडे गेले, हे खरं. पण ते 5,500 आरपीएमच्या वर राहणारे घोडे होते. वर्षातून दोनदा भेटणारे. त्याने दुसरं कोटेशन घेतलं. इंजिन आता स्टँडवर आहे, अजून सुरू व्हायचंय. एव्हरेज खरोखर 18 पडतं का, ते बाबाच मोजतील. वही घेऊन येणार आहेत म्हणे.

वाचतं किती?

आता ऑफिसातला प्रत्येक एक्सेलवीर विचारेल, यात पैसे सुटतात का? तो वर्षाला 5,000 मैल चालवणार. 10 च्या एव्हरेजला 500 गॅलन, 18 च्या एव्हरेजला 278. वाचले 222 गॅलन. गॅलनला चार डॉलर धरले तर वर्षाला नऊशेच्या आसपास डॉलर. मूळ गाडीवर झालेला खर्च यातून भरून निघणार नाही, हे स्वच्छ सांगितलेलं बरं.

पण इथे एक मजेशीर गोष्ट आहे. 2008 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की एव्हरेजचा आकडा आपल्याला फसवतो. 1,000 मैलांना 25 वरून 30 वर गेलात तर सात गॅलनसुद्धा वाचत नाहीत. 10 वरून 15 वर गेलात तर तेहतीस वाचतात! म्हणजे खादाड गाडीत केलेली छोटी सुधारणा ही काटकसरी गाडीतल्या मोठ्या सुधारणेपेक्षा भारी पडते. मसल कारवाल्यांनी एव्हरेजचा विचार करणं हा विनोद नाही. खरं तर त्यांनीच आधी करायला हवा.

तिसराही एक रस्ता आहे. 1997 च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस-1 इंजिन: तेवढंच 5.7 लिटर, पण ॲल्युमिनियमचं, फ्युएल इंजेक्शनचं, 345 हॉर्सपॉवर, तीही नव्या कडक पट्टीने मोजलेली. सहा गिअरच्या बॉक्ससह हायवेवर गॅलनला 25 मैलांच्या वर, म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटर. हे काढून जुन्या गाडीत बसवणारे हजारो आहेत. नावं ठेवणारेही तितकेच. ‘बॉनेट उघडल्यावर प्लास्टिक दिसतं,’ ही त्यांची तक्रार. घरच्या पुरणपोळीची चव आणि बाहेरच्या पुरणपोळीची सोय यातलं हे भांडण आहे. ज्याने त्याने आपापलं ताट वाढून घ्यावं.

2023 च्या डिसेंबरमध्ये शेवरोलेने कॅमॅरो बंद केली. कारखान्यातून येणारे व्ही-8 कमी होत चाललेत, म्हणून जे शिल्लक आहेत ते चालते राहणं महत्त्वाचं. गॅरेजमध्ये चादरीखाली ठेवलेल्या 450 घोड्यांपेक्षा शिकागोपर्यंत पोचलेले 340 केव्हाही भारी.

चौकट: इंजिन बांधायला देण्याआधी

- आधी ठरवा, गाडी वर्षाला किती मैल चालणार. हॉर्सपॉवरचा आकडा नंतर.
- कॅम, कार्ब्युरेटर, गिअर, डिफरन्शियल एकत्र निवडा. चार दुकानांतून चार ‘बेस्ट’ वस्तू आणल्या की खिचडी होते.
- पहिला खर्च ओव्हरड्राइव्हवर आणि हेडवर. क्रोमचे झाकण शेवटी.
- व्हॅक्युम ॲडव्हान्स जोडलेला आहे ना, स्वतः वाकून बघा.
- सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावून मिश्रण मोजा. आरामात चालताना 14.7 च्या आसपास, पूर्ण दाबल्यावर 12.5 ते 13. कानाने ट्यूनिंग करणारे उस्ताद असतात, पण कानाला आकडा दिसत नाही.
- इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर एव्हरेज थोडं कमी धरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई-20 वर गाडी चालवणाऱ्या आपल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नकोच!
- आणि कुणी वडीलधाऱ्याने ‘एव्हरेज काय देते?’ विचारलं तर हसू नका. कॅल्क्युलेटर काढा.